फिकट उन्हात, गडद सावलीत: सोलापुरात घराला बाहेरून रंग निवडताना

रंगाच्या दुकानात शेड कार्ड उघडलं की पाच मिनिटांत घरात दोन तट पडतात. मुलाला मोबाइलमध्ये पाहिलेला ग्रे-व्हाईट हवा असतो आणि वडिलांना 'आपलं घर रस्त्यावरून ओळखू आलं पाहिजे' म्हणून केशरी. दोघंही दोन इंचांच्या चौकोनाकडे बोट दाखवून भांडत असतात. ज्या भिंतीसाठी हे चाललंय, ती बाहेर ४२ अंशांत तापत उभी असते. तिला कुणी काही विचारत नाही.

माझं मत असं की सोलापुरात रंगाची निवड शेड कार्डापासून सुरू करूच नये. आधी घराभोवती एक चक्कर मारावी, मग ऊन बघावं, मग धूळ आणि पाणी बघावं. एवढं झालं की निम्मी कार्डं आपोआप बाद होतात आणि भांडायला फारसं काही उरत नाही.

आधी जे रंगवायचं नाही, त्याची यादी करा

वही घेऊन घराभोवती फिरा आणि ज्याला रंग लागणार नाही ते सगळं लिहून काढा. पायऱ्यांचं ग्रॅनाईट, पोर्चमधली शहाबादी, समोर लावलेल्या टाइल्स, जोत्याचा काळा दगड, खिडक्यांचं अ‍ॅल्युमिनियम, रेलिंगचं स्टील, सागवानी दार, जिन्यावरचे पत्रे, गच्चीवरची पाण्याची काळी टाकी. रंग पाच-सात वर्षांनी पुन्हा देता येतो, या वस्तू मात्र राहणारच आहेत. म्हणून भिंतीने त्यांच्याशी जुळवून घ्यायचं.

यादीतल्या प्रत्येक वस्तूपुढे 'उबदार' किंवा 'थंड' एवढंच लिहा. पिवळ्या, तांबड्या, मातीच्या अंगाने जाणारे रंग उबदार, निळसर किंवा शुद्ध काळ्या-राखाडी अंगाचे थंड. तपकिरी अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या आणि सागवान उबदार, काळ्या पावडर-कोटिंगच्या खिडक्या आणि स्टील थंड. राखाडी शहाबादी दोन्हीकडे निभावून नेते. तपकिरी खिडक्यांच्या घराला निळसर ग्रे मारला की खिडक्या गंजल्यासारख्या दिसायला लागतात. भिंत नवी आणि खिडक्या जुनाट, असं ते चित्र नव्या वसाहतींतून सर्रास बघायला मिळतं. ग्रेच हवा असेल तर थोडी मातकट झाक असलेला घ्यावा, म्हणजे तो तपकिरीशी भांडत नाही.

शेजारही बघा. तीन-चार फुटांवर शेजाऱ्याची पोपटी भिंत असेल तर तिच्यावर पडलेलं ऊन तुमच्या भिंतीवर परततं आणि त्या बाजूचा तुमचा क्रीम हिरवट दिसतो. त्यावर उपाय फारसा नाही. पण हे आधी माहीत असलं की 'रंगाऱ्याने वेगळाच रंग मारला' म्हणून वाद होत नाही.

ऊन कुठल्या भिंतीवर किती

सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून जुलैअखेरपर्यंत तो दुपारी किंचित उत्तरेला असतो. त्यामुळे 'उत्तरेच्या भिंतीला ऊन लागतच नाही' हे आपल्याकडे पूर्ण खरं नाही. दक्षिणेची भिंत हिवाळ्यात दिवसभर उन्हात असते. पण सगळ्यात वाईट पश्चिमेची. दुपारी दोनपासून मावळतीपर्यंत ती तिरपं ऊन थेट अंगावर घेते आणि रात्री अकरापर्यंत ती उष्णता आतल्या खोलीत सोडत राहते. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेच्या बेडरूममध्ये पलंग भिंतीपासून सरकवून झोपणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

इथे शेड कार्डावरचा किंवा कंपनीच्या वेबसाइटवरचा एक आकडा कामाला येतो: एलआरव्ही. शेडवर पडलेल्या उजेडापैकी किती परत फेकला जातो, ते हा आकडा सांगतो. शून्याकडे काळा, शंभराकडे पांढरा. पश्चिम आणि दक्षिणेच्या मोठ्या भिंतींसाठी ६० च्या खाली उतरू नये, असा माझा नियम आहे. एखादी शेड आवडली आणि तिचा आकडा ३० निघाला, तर ती टाकून द्यायची गरज नाही. तिची जागा बदलायची.

कारण गडद रंगाचा त्रास फक्त उष्णतेचा नाही. गडद भिंत जास्त तापते, म्हणजे दिवसा जास्त प्रसरण पावते आणि रात्री आकसते. सोलापुरातली बरीच घरं काळ्या मातीवर उभी आहेत. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि गिलाव्याला केसासारख्या चिरा पाडते. त्यावर गडद रंग असला की चिरा लवकर वाढतात आणि भरल्यावरही ठिगळ उठून दिसतं.

तिसरी गोष्ट रंग उडण्याची. गेरू, विटकरी, तपकिरी, हळदीपेक्षा मातीकडे झुकलेला पिवळा, हे रंग लोखंडाच्या ऑक्साइडपासून येतात आणि उन्हाला दाद देत नाहीत. भडक लिंबू, नारिंगी, राणी, जांभळा यांतली बरीचशी रंगद्रव्यं सेंद्रिय, म्हणजे कार्बनी रसायनांची असतात. ती उन्हात फिकी पडतात, आणि तीही सगळीकडे सारखी नाही. छज्जाखालचा पट्टा ताजा राहतो, बाकी भिंत विटते. अनेक शेड कार्डांवर अशा शेडपुढे 'बाहेर वापरू नये' अशी खूण असते. ती बारीक असते, शोधून बघावी.

जाता जाता गच्चीचं सांगतो. वरच्या मजल्यावरची खरी उष्णता स्लॅबमधून येते. भिंतीच्या महाग रंगावर आणखी पैसे घालण्याआधी गच्चीला पांढरं उष्णतारोधक कोटिंग द्यावं. बजेट तोकडं असेल तर हेच आधी करावं.

धूळ, ओघळ आणि चिखल

कुठल्याही तीन-चार वर्षं जुन्या फिकट घराची खिडकी बघा. खिडकीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांतून दोन काळ्या मिशा भिंतीवर उतरलेल्या दिसतील. वर्षभर खिडकीच्या पाटावर आणि पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या, माथ्यावर धूळ साचते आणि जूनच्या पहिल्या सरीत ती सगळी भिंतीवरून खाली येते. आपल्याकडे पाऊस कमी, आणि पडतो तो सप्टेंबरच्या आसपास दणक्यात. बाकी काळ भिंत धुवायला आभाळातून काही येत नाही.

या ओघळांवर रंगाचा इलाज नाही, गवंड्याचा आहे. खिडकीचा पाट बाहेरच्या बाजूला उतरता आणि भिंतीपासून दीड-दोन इंच पुढे आलेला हवा. पाटाच्या आणि छज्जाच्या खालच्या अंगाला कडेलगत बोटभर खाच असली की पाणी तिथेच तुटून खाली पडतं, भिंतीला धरून येत नाही. पॅरापेटच्या माथ्याचा उतार गच्चीकडे ठेवावा. रंगकाम काढण्याआधी गवंड्याचे दोन दिवस यावर घालवले तर त्याच रंगाचं आयुष्य वाढतं.

मग रंगाकडे या. शुभ्र पांढरा इथे पहिल्याच उन्हाळ्यात मळतो, हे सगळ्यांना माहीत आहे. कोळशासारखा काळपट ग्रे तितकाच मळतो, हे मात्र मारल्यावर कळतं. त्याच्यावर धुळीचा पांढुरका थर बसतो आणि पाण्याचा प्रत्येक थेंब खूण सोडून जातो. धूळ सगळ्यात चांगली लपवतात ते मधले रंग: बदामी, मातकट, गव्हाळ, उबदार करडा. आपल्या धुळीचा रंगही साधारण तोच आहे.

जमिनीलगतचे दोन ते तीन फूट वेगळे धरा. पावसाचे थेंब काळ्या मातीवर आपटून तेवढ्या उंचीपर्यंत चिखल उडवतात. तिथे दगडी राखाडी किंवा गडद तपकिरी पट्टा द्या. पैसे असतील तर शहाबादी किंवा काळ्या दगडाची लादी बसवा, म्हणजे तो विषय कायमचा मिटतो. रस्त्याच्या कडेच्या कंपाउंडलाही खाली असाच गडद रंग हवा. दुचाकींचे ओरखडे, खांद्यावरच्या पिशव्या आणि मावा खाऊन जाणाऱ्यांची कृपा, सगळं तिथेच जमा होतं.

इथली जुनी धाब्याची घरं आठवा. वर पांढऱ्या मातीचा किंवा चुन्याचा हात, खाली दगडी जोतं. फिकट उन्हात, गडद सावलीत आणि मातीजवळ, एवढं एक सूत्र धरलं की पुढचे बहुतेक प्रश्न सुटतात.

तीन रंग, आणि कुठला कुठे थांबतो

बाहेरून तीन रंग पुरतात: एक मुख्य, एक जोडीचा, एक ठसक्याचा. चौथा आला की घर शाळेच्या स्नेहसंमेलनाला निघालंय असं वाटतं. इंटिरियरवाले ६०-३०-१० चं प्रमाण सांगतात. मोठ्या बंगल्याला ते शोभतं. आपल्या ३० बाय ४० च्या प्लॉटवर ७५-२०-५ जास्त बरं दिसतं, कारण समोरची बाजूच लहान असते आणि तिचे तुकडे पाडले की ती आणखी लहान दिसते.

मुख्य रंग सगळ्या सपाट भिंतींना. जोडीचा रंग जिन्याच्या उभ्या भागाला, पुढे आलेल्या चौकटीला किंवा पोर्चच्या खांबांना. ठसक्याचा रंग दार, ग्रील, गेट, फार तर बाल्कनीची मागची भिंत. गडद रंगाचा मोह असेल तर बाल्कनीतली ही आतली भिंत त्याची हक्काची जागा. वर स्लॅब असल्याने ऊन कमी लागतं, पाऊस लागत नाही आणि सावलीत गडद रंग आणखी खोल दिसतो, म्हणजे समोरून घराला खोली येते.

रंग कुठे बदलायचा, याचा एक नियम बहुतेक रंगारी सांगत नाहीत. रंग आतल्या कोपऱ्यात बदलावा, बाहेरच्या धारेवर कधीच नाही. पुढे आलेल्या खांबाची समोरची बाजू विटकरी आणि कडेची बाजू क्रीम केली की खांब पुठ्ठ्याचा वाटतो. खांब विटकरी करायचा तर तो तिन्ही बाजूंनी, भिंतीला टेकेपर्यंत विटकरी. सपाट भिंतीवर मध्येच रंग बदलायचा असेल तर गिलाव्यात खाच पाडून घ्या. नुसत्या टेपच्या रेषेवर तो सरळ राहत नाही.

आडवे पट्टे घर बसकं आणि रुंद दाखवतात, उभा पट्टा उंची देतो. तळमजल्याचं घर असेल तर आडव्या पट्ट्यांचा मोह टाळा. छज्जाची खालची बाजू ऑफ-व्हाईट ठेवा, खिडकीत उजेड परततो. सांडपाण्याचे पाइप मात्र ज्या भिंतीवर आहेत त्याच रंगाचे करा. पांढऱ्या पाइपांचं जाळं चांगल्या रंगसंगतीचा सत्यानाश करतं आणि हे काम ठेक्यात धरलेलं नसतं, म्हणून आधीच बोलून घ्यावं.

वास्तूचं घरात कोणी विचारलंच, तर दिशेचा सांगितलेला रंग दारात किंवा ग्रीलमध्ये घ्या. सगळ्यांचं समाधान होतं आणि पश्चिमेची भिंत लालभडक होत नाही.

इथे शोभणाऱ्या काही जोड्या

बदामी भिंत, विटकरी चौकट आणि ऑफ-व्हाईट छज्जे, ही माझ्या मते सोलापूरची सगळ्यात भरवशाची जोडी. तपकिरी खिडक्यांशी जुळते, धूळ पचवते आणि विटकरी ऑक्साइडचा असल्याने विटत नाही. तीच ती वाटते अशी तक्रार असेल तर बदामीऐवजी गव्हाळ आणि विटकरीऐवजी गडद कॉफी घ्या.

काळ्या खिडक्या आणि स्टीलचं रेलिंग असेल तर उबदार फिकट करडा मुख्य, भुईकोट किल्ल्याच्या दगडासारखा गडद राखाडी जोत्याला, आणि दाराला लाकडाचा रंग. यात लाकूड गाळू नका. ते नसेल तर घर ऑफिससारखं दिसतं.

हिरव्याची हौस असेल तर पोपटी नको. राखाडी मिसळलेला फिकट शेवाळी घ्या, सोबत क्रीम. समोर कडुलिंब असला तर ही जोडी फार खुलते. निळ्याबाबतीत मी जरा कंजूष आहे. आकाशी भिंत रखरखीत उन्हात पांढरट पडते आणि धुळीने मळकी होते. निळा गेटला किंवा दाराला द्यावा, तिथे तो राजासारखा राहतो. आणि जोडी ठरल्यावर ती कुठल्या पक्षाच्या झेंड्याची तर नाही ना, हे एकदा बघून घ्या. निवडणुकीत उगाच खुलासे करत बसावं लागतं.

एक घर धरून हिशेब

समजा जुळे सोलापुरात ३० बाय ४० च्या प्लॉटवर, २५ बाय ३२ फुटांचं, तळमजल्यावर एक मजला चढवलेलं घर आहे. तोंड पश्चिमेला, खिडक्या तपकिरी, पायऱ्या काळ्या ग्रॅनाईटच्या, समोर बाल्कनी. मालकाला दर्शनी बाजू गडद हवी आहे.

समोरची पूर्ण भिंत गडद करणं इथे घातक, कारण तीच पश्चिमेची. म्हणून मुख्य रंग चारही बाजूंना बदामी, एलआरव्ही ६० च्या वर. गडद विटकरी बाल्कनीच्या आतल्या भिंतीला आणि पोर्चच्या खांबांना. संध्याकाळचं तिरपं ऊन तिथेही थोडं पोचेल, पण उघड्या भिंतीपेक्षा खूप कमी. जोत्याचा अडीच फुटांचा पट्टा आणि ग्रील गडद कॉफी, म्हणजे ग्रॅनाईट आणि खिडक्या दोघांनाही सोबती मिळतात. छज्जे ऑफ-व्हाईट. कुणी म्हणेल हे चार झाले, पण ऑफ-व्हाईट बदामीच्याच कुळातला असल्याने डोळा त्याला वेगळा धरत नाही.

आता माप. घेर ११४ फूट, पॅरापेटपर्यंतची उंची २३ फूट, म्हणजे सुमारे २,६०० चौरस फूट. दारं-खिडक्यांची वजाबाकी आणि छज्जे-बाल्कनीची भर साधारण एकमेकींना खातात. चांगला एक्स्टीरियर इमल्शन (बाहेरच्या भिंतीचा, पाण्यात मिसळायचा रंग) दोन हातांत लिटरमागे ५० ते ६० चौरस फूट चालतो. मुख्य रंगाला अंदाजे ३५ लिटर, जोडीच्या रंगाला १० आणि बाकीसाठी तीन लिटर. ग्रीलचं ऑइलपेंट वेगळं. रंगाऱ्याने सांगितलेला आकडा यापेक्षा फारच जास्त असेल तर टेप घेऊन त्याच्यासोबत एकदा मोजा. विटकरीसारख्या गडद शेडला कधी तिसरा हात लागतो आणि तिचा बेस, म्हणजे ज्यात शेड मिसळतात तो मूळ रंग, तोही महाग असतो. हे धरूनच दर ठरवा.

भिंतीवर नमुना

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि खरी निवड इथेच होते. एक अनुभवी रंगारी म्हणायचे, "कार्डावर बघून काय कळतंय की ओ, भिंतीवर मारून बघा." मोठ्या भिंतीवर, उन्हात, प्रत्येक शेड कार्डापेक्षा फिकट आणि जास्त भडक दिसते. म्हणून आवडलेल्या शेडपेक्षा एक पायरी मळकट शेडही नमुन्यासाठी आणा. बहुधा तीच जिंकते.

तीन शेडचे एक-एक लिटरचे डबे घ्या. जुन्या रंगावर थेट नमुना मारू नका, खालचा रंग फसवतो. आधी पांढऱ्या प्राइमरचा एक हात, तो वाळल्यावर तीन बाय तीन फुटांचा चौकोन, दोन हात. एक नमुना पश्चिमेला, एक उत्तरेला किंवा सावलीतल्या भिंतीवर, आणि दोन्हीकडे खिडकीच्या चौकटीला लागून. वाळल्यावर रंग थोडा गडद होतो, म्हणून निकाल दुसऱ्या दिवशी. सकाळी आठला, दुपारी एकला आणि दिवेलागणीला रस्त्याच्या पलीकडून बघा. पांढऱ्या आणि पिवळ्या एलईडीत एकच करडा दोन वेगळे रंग वाटतात, त्यामुळे पोर्चचा दिवा लावूनही बघा. कंपन्यांच्या अ‍ॅपमध्ये घराचा फोटो टाकून रंग बदलता येतो, पण त्याचा उपयोग नको असलेले पर्याय बाद करण्यापुरताच.

चमकेचाही निर्णय याच वेळी करा. थोडी चमक असलेल्या रंगावर धूळ कमी धरते आणि तो धुता येतो, पण गिलावा लाटांचा असेल तर तिरप्या उन्हात प्रत्येक लाट दिसते. जुन्या ओबडधोबड भिंतीला मॅटच बरा.

दुकानात आणि कामावर

एका भिंतीचा सगळा रंग एकाच वेळी बनवून घ्या. टिंटिंग मशीन तेच असलं तरी वेगळ्या बॅचच्या बेसमध्ये किंचित फरक पडतो. डबे दोन वेळा आणलेच, तर ते मोठ्या बादलीत एकत्र ढवळून मगच भिंतीला लावा. झाकणावर शेडचा नंबर, बेस आणि बॅच असल्याची खात्री समोरच करा.

नव्या गिलाव्याला निदान २८ दिवस होऊ द्या, नाहीतर आतला क्षार रंगातून फुटतो. जुन्या भिंतीवर तळहात फिरवा. पांढरी भुकटी आली तर तारेचा ब्रश, पॉलिश पेपर आणि धुणं अटळ. रंगात आणि प्राइमरमध्ये बोअरचं खारं पाणी मिसळू देऊ नका. नळाला पाणी ज्या दिवशी येतं त्या दिवशी दोन पिंपं रंगकामासाठी बाजूला भरून ठेवा.

काम दिवाळीनंतर काढावं. दिवाळीआधी रंगारी मिळत नाहीत आणि मिळाले तर घाईत असतात. जानेवारीतली गड्ड्याची यात्रा ते फेब्रुवारीअखेर हा काळ उत्तम. मार्चनंतर रंग भिंतीवर टेकतो न टेकतो तोच वाळतो आणि ब्रशचे फराटे राहतात. तेव्हाच करावं लागलं तर सावलीच्या मागे फिरा: पश्चिमेची भिंत सकाळी, पूर्वेची दुपारनंतर.

प्रत्येक शेडचा एखादा लिटर घट्ट झाकण लावून सावलीत ठेवा. शेड नंबर मीटरच्या पेटीच्या दाराला आतून मार्करने लिहा आणि फोनमध्ये फोटो काढून घ्या. दोन वर्षांनी केबलवाला किंवा एसीवाला भिंतीला भोक पाडून जातोच. तेव्हा ठिगळ न मारता आतल्या कोपऱ्यापासून आतल्या कोपऱ्यापर्यंत तेवढी भिंत पूर्ण रंगवा.